थंडीतला जपानी हिरवा चहा आणि पाकिटावरची तीन पानं

ओंजळ | ४ डिसेंबर, सकाळी ७:५२

नमस्कार मंडळी. पुण्यात थंडी पडली आहे. सकाळी सहाला गॅलरीत गेलं की कानशिलं गार पडतात आणि हातात काहीतरी गरम हवंच असतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं आलं-गवती चहा घातलेला दुधाचा चहाच होतो. यंदा मात्र भाचा कामानिमित्त जपानला जाऊन आला आणि माझ्यासाठी हिरव्या चहाचं पाकीट घेऊन आला. पानं इतकी बारीक की जवळजवळ चुराच, रंग हिरवागार, आणि वास ताज्या कापलेल्या गवतासारखा. सगळा मजकूर जपानीत आहे. कोपऱ्यात एक छोटा शिक्का आहे, त्यावर तीन पानं काढली आहेत. भाच्याला दुकानदाराने एवढंच सांगितलं की हा चहा 'गवताचा' आहे आणि निसर्ग सांभाळून पिकवलेला आहे.

पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीने पाण्यात उकळला, तर किराइताचा काढा परवडला असं झालं. मग कोमट पाण्यात केला. चव सुरेख गोडसर आली, पण दोन घोटांत चहा गार. थंडीत गार चहा कसा प्यायचा?

ही पानं म्हणजे नेमकं काय, आणि थंडीच्या दिवसांत हा चहा कसा करावा? कोणी जपानात राहिलेलं असेल तर जरूर लिहा.

चहाटळ | ४ डिसेंबर, सकाळी ८:२०

दूध घातलं नाहीत ना? मग अजून काही बिघडलेलं नाही. :) वाचतोय.

दूरदेशी | ४ डिसेंबर, दुपारी १:०५

ओंजळताई, पाकीट वाचूनच ओळखलं! मी गेली सहा वर्षं हमामात्सुला राहते. तुमचा चहा बहुधा शेजारच्या काकेगावाचा असणार, साध्या गाडीने इथून अर्ध्या तासावर. बारीक चुरा आणि गडद हिरवा रंग ही तिथल्या 'फुकामुशी' चहाची खूण. पानं नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफवतात, त्यामुळे ती मोडतात आणि चहा दाट, थोडा गढूळ उतरतो.

आता 'गवताचा' म्हणजे काय ते सांगते. शिझुओका प्रांताच्या या भागात चहाच्या मळ्यांभोवती गवताची राखीव रानं ठेवलेली आहेत. त्यांना 'चागुसाबा' म्हणतात. काकेगावा, किकुगावा, शिमादा, माकिनोहारा आणि कावानेहोन इथे ही पद्धत अजून टिकून आहे. शरद सरता सरता, म्हणजे साधारण आत्ताच्या दिवसांत, शेतकरी सुसुकी नावाचं उंच, तुरेवालं गवत कापतात, पेंढ्या बांधून उभ्या वाळवतात, मग बारीक करून चहाच्या ओळींमधे पसरतात. त्याने ओल टिकते, तण दबतं, उतारावरची माती वाहून जात नाही आणि गवत सावकाश कुजत खत होतं. २०१३ मधे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

शिक्क्यावरची पानं म्हणजे श्रेणी. चहाच्या मळ्याच्या प्रमाणात शेतकरी किती गवताळ रान सांभाळतो त्यावरून एक, दोन किंवा तीन पानं मिळतात. तुमच्या पाकिटावर तीन आहेत, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी.

मागच्या डिसेंबरात मी काकेगावाच्या हिगाशियामा भागात गेले होते. आवागाताके डोंगराच्या उतारावर झाडं लावून 'चहा' हे भलंमोठं अक्षर काढलेलं आहे, ते शिंकान्सेन या वेगवान गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. खाली उतारावर एक आजी-आजोबा गवताच्या पेंढ्या बांधत होते. आजोबांनी मला चहाच्या दोन ओळींमधे वाकून हात घालायला सांगितला. वरचं गवत कोरडं, सोनेरी आणि करकरीत. बोटं खाली गेली तसं ते मऊ आणि काळपट होत गेलं, आणि तळाशी माती इतकी भुसभुशीत की मनगट सहज आत गेलं. बाहेर आमच्याकडचा तो कोरडा बोचरा वारा (इकडे त्याला 'कराक्काझे' म्हणतात) सुटला होता, पण गवताखाली हाताला ऊब लागत होती. तिथे उभ्यानेच आजींनी थर्मासमधून चहा दिला. तो गरमच होता, वाफाळता! का, ते संध्याकाळी लिहिते, ऑफिसात आहे.

आगटी | ४ डिसेंबर, दुपारी २:४०

काय सुंदर लिहिलंय. पुढचं लवकर येऊ द्या.

काळीमाती | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

दूरदेशी यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. मी माती परीक्षणाच्या कामात आहे, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. तीन पानांचा शिक्का म्हणजे सेंद्रिय चहा नव्हे. तो गवताळ रान सांभाळल्याचा शिक्का आहे. तो शेतकरी रासायनिक खत किंवा फवारणी वापरत असू शकतो. सेंद्रियसाठी जपानात 'जास'चं (जपानी कृषी मानकाचं) वेगळं चिन्ह असतं, गोलात पान काढलेलं. चहासारख्या बहुवर्षायू पिकाला ते मिळवायचं तर पहिल्या तोडणीच्या आधी किमान ३ वर्षं बंदी असलेली खतं-औषधं वापरलेली चालत नाहीत. ज्याला दोन्ही हवं त्याने दोन्ही चिन्हं बघावीत.

आणि चहात नत्राचा प्रश्न मोठा आहे. जपानी चहाची ती गोडसर, जिभेवर रेंगाळणारी चव थिआनिन या अमिनो आम्लामुळे येते, आणि झाड मुळांत थिआनिन तयार करतं ते नत्रापासून. त्यामुळे चव वाढवायला शेतकरी नत्र ओतत गेले. एके काळी शिझुओकात काही मळ्यांत वर्षाला हेक्टरी १००० किलोच्या वर नत्र पडत होतं. झाडाला तेवढं पेलत नाही. उरलेलं भूजलात उतरलं, विहिरी-ओढ्यांत नायट्रेट वाढलं, माती आम्लधर्मी झाली. मग मर्यादा घालाव्या लागल्या. आपल्याकडे उसाला युरिया आणि पाणी देऊन देऊन सांगली-कोल्हापूरकडे जमिनी क्षारपड झाल्या, ते मी रोज पाहतो. कारणं वेगळी आहेत, पण जमिनीच्या पोटात मावेल त्याहून जास्त घालण्याची घाई तीच.

म्हणून माझं म्हणणं असं की चहा विकत घेताना सगळ्यात गोड, सगळ्यात हिरवा एवढंच मागू नये. कमी खतावर वाढलेला चहा चवीला थोडा हलका, थोडा रानवट लागतो. तोही आवडून घ्यायला शिकावं.

दूरदेशी | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

काळीमाती, अगदी बरोबर, मी सांगायला हवं होतं. धन्यवाद.

आता तो वाफाळता चहा. तो होता 'होजिचा', म्हणजे भाजलेला हिरवा चहा. कोवळी पानं वसंतात तोडून होतात, नंतरच्या तोडणीची जाड पानं आणि देठ उरतात. ती मोठ्या आचेवर खरपूस भाजली की तपकिरी होतात. होजिचाचा उगम क्योतोतला, १९२० च्या दशकातला. याला बिनधास्त उकळतं पाणी घाला, कडू होत नाही, कारण जाड पानं-देठांत कॅफीन मुळातच कमी आणि भाजण्याने तुरटपणाही उतरतो. थंडीत इथे घरोघरी, हॉटेलांत जेवणावर हाच मिळतो. मांडीवर पांघरूण, समोर होजिचा आणि सोललेलं संत्रं, ही इथली जानेवारीची संध्याकाळ.

म्हणजे ताई, तुमच्या पाकिटातला चहा बिघडलेला नाही. फक्त त्याला कमी तापलेलं पाणी लागतं, त्यामुळे थंडीत जास्त सांभाळावं लागतं.

शेवंता | ५ डिसेंबर, सकाळी ६:४५

फुकामुशी कसा करायचा ते माझ्या सासूबाईंच्या जपानी मैत्रिणीने शिकवलं होतं, ते सांगते. आधी किटलीत आणि कपांत उकळतं पाणी घालून दोन्ही चांगली तापवून घ्या. थंडीत ही पायरी चुकवायचीच नाही. निम्मा थंडावा भांड्यामुळेच येतो. कपातलं पाणी दुसऱ्या कपात ओतलं की साधारण १० अंश उतरतं, असं दोन-तीनदा केलं की ७०-८० अंशांवर येतं. थर्मामीटर नको. दोघांसाठी दोन चमचे चहा, वर हे पाणी, आणि तुमचा चुरा आहे म्हणून अर्धा मिनिटच. साध्या पानाला मिनिटभर लागतं. मग दोन्ही कपांत थोडं थोडं आळीपाळीने ओता आणि शेवटचा थेंबही किटलीत ठेवू नका. सगळी चव त्या थेंबात असते. पाणी राहिलं की पुढचा चहा कडू.

दुसऱ्यांदा त्याच पानांवर जास्त गरम पाणी घाला आणि लगेच ओता. थंडीत मला पहिल्यापेक्षा हा दुसरा कपच जास्त आवडतो.

काळीमाती | ५ डिसेंबर, सकाळी ८:०५

शेवंताताई, यामागचं कारणही छान आहे. थिआनिन कमी तापलेल्या पाण्यातही उतरतं, तुरटपणा आणणारी कॅटेचिन द्रव्यं मात्र पाणी जितकं गरम तितकी जास्त उतरतात. पहिल्या दिवशी उकळल्यावर जो काढा झाला तो यामुळे.

वाळवंट | ५ डिसेंबर, सकाळी ११:२०

माझा थोडा विरोध आहे. एवढ्या लांबून चहा आणायचा आणि त्याला शाश्वत म्हणायचं? आपल्याकडे निलगिरीला, कांगड्याला, आसामला हिरवा चहा होतो. निलगिरीला तर डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात तोडलेला खास हिवाळी चहा मिळतो, सुगंधाला अप्रतिम. तो घ्यावा.

आगटी | ५ डिसेंबर, दुपारी १२:१०

निलगिरीचा हिवाळी चहा खरंच छान असतो, +१. पण भाच्याने सामानातून आणलेलं पाकीट प्यायचं नाही की काय? चहा हलका, वाळलेला माल आहे, बोटीने आला तर एका कपामागे फार भार पडत नाही. आपण गॅसवर भांडंभर पाणी उकळतो आणि दोन कप वापरतो, तिथे जास्त जातं. लागेल तेवढंच पाणी तापवावं.

वाळवंट | ५ डिसेंबर, दुपारी १२:३५

पाण्याचा मुद्दा मान्य. आजपासून कपाने मोजून घेतो.

पारिजात | ५ डिसेंबर, रात्री १०:१५

मी क्योतोला दोन वर्षं शिकायला होतो. थंडीच्या चहाचा विषय निघाला आणि 'क्योबान्चा'चं नाव कोणी काढलं नाही, म्हणून लिहितो.

हिवाळा झाडावर काढलेली जुनी मोठी पानं आणि काटक्या वसंताच्या तोंडावर छाटतात. त्या न वळता वाफवतात, वाळवतात आणि मोठ्या आचेवर भाजतात. पिशवीत अक्षरशः वाळका पाचोळा दिसतो. पहिल्यांदा आणली तेव्हा झाकण उघडलं आणि खोलीत धुराचा वास पसरला. मला वाटलं खराब निघाली. पण एक घोट घेतला आणि डोळ्यांसमोर आली सोलापूरकडची मामाची वस्ती: हुरड्याची आगटी, राखेतून काढलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारून दिलेले गरम दाणे. अगदी तोच वास! (आगटी, तुमच्या आयडीला सलाम.) क्योतोत लहान बाळांनाही हा चहा पाजतात, इतका सौम्य असतो.

थंडीशी जोडलेलं आणखी एक. वसंतात तोडलेलं माच्चाचं (हिरव्या चहाच्या बारीक पुडीचं) पान मातीच्या बरणीत भरून तोंड सीलबंद करतात आणि ते नोव्हेंबरात उघडतात. त्याच सुमाराला चहाच्या खोलीतली जमिनीतली शेगडी पेटते. चहाची साधना करणाऱ्यांचं हेच नवं वर्ष. उन्हाळाभर मुरलेलं पान नव्यापेक्षा मऊ, भरदार लागतं. आणि खऱ्या नव्या वर्षाच्या दिवशी क्योतोत 'ओबुकुचा' पितात, चहात खारवलेलं उमे (आंबट जपानी फळ) आणि कोंबूची (समुद्री शेवाळाची) गाठ घालून. गरम, आंबट-खारट. आधी चमत्कारिक वाटतं, नंतर त्याचीच आठवण येते.

चहाटळ | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

आंबट-खारट चहा! आमच्या आजोळी सर्दीला गरम पाण्यात लिंबाचं खारं लोणचं घालून द्यायचे, त्याची आठवण झाली.

शेवंता | ६ डिसेंबर, सकाळी ८:४०

अवांतर: पारिजात, हुरड्याचं वाचून आत्ताच भावाला फोन केला. यंदा ज्वारी बरी आहे म्हणतो.

रानहळद | ६ डिसेंबर, दुपारी ३:००

मला दूरदेशी यांच्या त्या गवताळ रानांबद्दल बोलायचंय, चहापेक्षा थोडं लांब जाईल, चालेल ना?

ही रानं नैसर्गिक जंगल नाहीत. दरवर्षी गवत कापलं नाही तर काही वर्षांत तिथे झुडपं आणि मग झाडं येतात. जपानात पूर्वी छपरासाठी, जनावरांसाठी, खतासाठी गवत लागायचं, ती गरज संपली तशी गवताळ जमीन झपाट्याने गेली. चहासाठी गवत लागतं म्हणून शिझुओकात ती उरली, आणि तिच्याबरोबर ३०० हून जास्त जातींच्या वनस्पती उरल्या. जपानी कवितेत शरदाची सात फुलं म्हणून जी येतात त्यांतली कित्येक तिथे उगवतात. न उडणारा एक टोळ तर त्या भागातच सापडतो. म्हणजे शेती केल्यामुळे रान वाचलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

मी सासवड-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवर फिरते. आपल्या सरकारी कागदात माळरान म्हणजे 'पडीक'. लांडगा, खोकड, धाविक तिथेच जगतात, माळढोक तर जवळजवळ गेलाच. झाडं लावायची मोहीम निघाली की पहिला खड्डा माळावर पडतो. धनगरांच्या मेंढ्या आणि गवत कापणारी माणसं या माळाचा भाग आहेत, हे कोणी विचारातच घेत नाही. गवताला किंमत मिळाली तर गवत टिकतं. त्या आजी-आजोबांच्या पेंढ्यांबद्दल वाचून मला भरून आलं.

काळीमाती | ६ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

रानहळद, स्वतंत्र धागा काढा यावर. मनापासून सांगतो.

दूरदेशी | ६ डिसेंबर, रात्री ९:१०

+१, नक्की काढा. पण एक काळजी आहे, तीही लिहिते. ते आजोबा म्हणाले, मुलगा नागोयाला नोकरीला आहे, आमच्यानंतर गवत कोण कापणार? उतारावर यंत्र चढत नाही. दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांतात जमीन सपाट, मोठी यंत्रं फिरतात. २०२४ मधे कागोशिमाने चहाच्या उत्पादनात शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. कागोशिमातही सेंद्रिय चहा पुष्कळ आणि चांगला होतो, तक्रार नाही. पण हाताने गवत कापणारं गाव मागे पडतंय.

वाळवंट | ६ डिसेंबर, रात्री ९:५०

मग मघाशी जो होजिचा प्या असा सूर होता, त्याने त्या आजोबांचं काय भलं होणार? जाड पानाला भाव तो किती मिळणार! कमाई वसंतातल्या पहिल्या तोडणीवरच होत असेल ना?

दूरदेशी | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

हो, कमाई पहिल्या तोडणीवरच. हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. त्यांचं उत्तर असं की पहिली तोडणी घर चालवते, पण नंतरची पानं वाया गेली तर वर्षाचा ताळमेळ बसत नाही. दोन्ही खपली पाहिजेत. आणि थेट शेतकऱ्याकडून किंवा गावच्या सहकारी दुकानातून घेतलं तर फरक पडतो. सध्या जगभर माच्चाची मागणी इतकी वाढली आहे की बरेच जण साधा चहा सोडून माच्चाच्या पानाकडे वळत आहेत. मळे सावलीखाली झाकायचे, जास्त खत घालायचं. काळीमाती म्हणाले तो नत्राचा प्रश्न तिथे परत येतो. म्हणून मला वाटतं, थंडीत वाफाळता होजिचा आणि वसंतात नवा सेंचा (वाफवून वाळवलेला नेहमीचा हिरवा चहा), असं ऋतूप्रमाणे पिणारी माणसं त्या गावाला हवी आहेत.

मधुमालती | ७ डिसेंबर, सकाळी १०:३०

एक प्रश्न. मी इथल्या एका दुकानातून (नाव नको) जपानी सेंचा घेतला. महाग होता. घरी उघडला तर पिवळट, वास वाळक्या पेंढ्यासारखा. परत घेत नाहीत म्हणाले. टाकून देऊ का?

शेवंता | ७ डिसेंबर, सकाळी १०:५५

अजिबात टाकू नका! जाड बुडाची कढई मंद आचेवर कोरडीच तापवा, त्यात चहा घाला आणि सतत हलवत राहा. भाजणीला ज्वारी भाजतो तसं, हात थांबवायचा नाही. दोन-तीन मिनिटांत आधी गवताचा वास येईल, मग शेंगदाण्यासारखा खमंग. पानं तपकिरी झाली, देठ किंचित फुगले की लगेच ताटात पसरा, कढईत राहिली तर करपतात. झाला घरचा होजिचा. जपानात यासाठी मातीचं छोटं भांडं असतं, आपल्या खापरीसारखं.

आणि पुढच्या वेळी चहा घेताना तोडणीचं साल बघून घ्या. उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात ठेवा. फ्रीजमधे ठेवलात तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, ओल धरतो.

मधुमालती | ७ डिसेंबर, दुपारी १२:४०

शेवंताताई, केला! सगळं घर दरवळलं. सासरे स्वयंपाकघरात येऊन विचारून गेले, चकलीची भाजणी करतेस का म्हणून.

आगटी | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

एक सूचना: जेवताना हा चहा घ्यायची जपानी पद्धत छान आहे, पण ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणानंतर तासभर थांबावं. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. माझ्या आईला डॉक्टरांनी हेच सांगितलंय. आणि उपाशीपोटी सेंचा नको, मळमळतं.

ओंजळ | ११ जानेवारी, सकाळी ८:१०

मंडळी, महिनाभराने येतेय. लग्नाच्या गडबडीत राहून गेलं, पण एकेक प्रतिसाद वाचला आहे.

शेवंताताईंच्या पद्धतीने रोज करते. कप आधी तापवल्याने खरंच फरक पडला. पहिला कप अगदी छोटा ओतते, चार घोटांचा, गार व्हायच्या आत संपतो. दुसरा मोठा आणि गरम, तो गॅलरीत घेऊन जाते. यजमान आधी नाक मुरडत होते, आता दुसऱ्या कपाला तेच आवाज देतात. दुपारसाठी भाच्याने जपानातल्या मित्राकरवी होजिचा मागवला आहे, त्यावरही दोन पानं आहेत. उकळत्या पाण्याचा चहा म्हणून सासूबाईंना तो लगेच पटला.

पाकिटातला तळाचा चुरा काल भिजवून प्यायल्यावर हिरवीगार पानं उरली होती, ती टाकवेना. थालीपिठाच्या पिठात कांदा-कोथिंबिरीबरोबर मळली. किंचित कडसर, मेथीसारखी लागतात. लोण्याबरोबर छान लागली.

दूरदेशी, त्या आजी-आजोबांकडे पुन्हा जाणं झालं तर मला कळवाल का? मे महिन्यातला नवा चहा त्यांच्याकडूनच मागवायचा आहे.

दूरदेशी | ११ जानेवारी, दुपारी १२:०२

पुढच्या रविवारीच जातेय ताई. गवत पसरायचं काम अजून चालू आहे, मदतीला बोलावलंय. तुमची मागणी त्यांच्या वहीत लिहून येते.